मोटारगाडीचे मालकपण

दसऱ्याच्या आणि गुढीपाडव्याच्या दिवशी मोटारगाड्यांच्या दुकानांसमोर गर्दी उसळते. नव्या गाडीला झेंडूची माळ घातली जाते, चाकाखाली लिंबू ठेवले जाते, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. एके काळी हे दृश्य शहरातील मोजक्या धनिकांपुरते मर्यादित होते. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० ही छोटी गाडी बाजारात आली आणि मध्यमवर्गीय कुटुंबालाही मोटारीचे स्वप्न पाहता येऊ लागले. पुढे कर्जे सुलभ झाली, वापरलेल्या गाड्यांचा बाजार वाढला. आज शिक्षक, दुकानदार, शेतकरी, कारागीर असे अनेक जण आपली पहिली गाडी घेतात. त्यांपैकी कित्येकांची ही पहिली गाडी दुसऱ्याने वापरलेली असते.

घर सोडले तर बहुतेक कुटुंबांच्या दृष्टीने मोटार ही सर्वांत मोठी खरेदी असते. तरीही घर घेताना जी चौकशी केली जाते, ती गाडी घेताना केली जात नाही. रंग, किंमत आणि ‘एका लिटरला किती जाते’ या तीन गोष्टींवर सौदा होतो. किल्ली हाती आली की आपण मालक झालो, असे खरेदीदाराला वाटते. किल्ली दिली की आपण मोकळे झालो, असे विकणाऱ्याला वाटते. हे दोन्ही समज चुकीचे आहेत. मोटारीचे मालकपण किल्लीने मिळत नाही आणि किल्लीबरोबर जातही नाही. ते कायदेशीर नोंदीने सिद्ध होते आणि नियमित देखभालीने टिकते. ते कसे, याचा विचार या पाठात केला आहे.

खर्चाचा खरा हिशेब

गाडी घेण्यापूर्वी पहिला प्रश्न असावा तो गरजेचा. रोज कामावर जाण्यासाठी गाडी हवी आहे, की वर्षातून चार वेळा गावी जाण्यासाठी? तिचा खर्च वर्षानुवर्षे पेलवेल काय? मोटारीचा खर्च म्हणजे इंधनाचा खर्च, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. एक उदाहरण घेऊन हा समज तपासता येईल.

समजा, एका कुटुंबाने ३,००,००० रुपयांना वापरलेली गाडी घेतली आणि पाच वर्षांनी ती १,२०,००० रुपयांना विकली. म्हणजे किमतीत दरवर्षी सरासरी ३६,००० रुपयांची घट झाली. या घटीला घसारा म्हणतात. गाडी वर्षाला ९,००० किलोमीटर धावते आणि एका लिटरमध्ये १५ किलोमीटर जाते, असे धरल्यास वर्षाला ६०० लिटर पेट्रोल लागेल. हिशेबाच्या सोयीसाठी लिटरचा दर १०० रुपये मानला, तर हा खर्च ६०,००० रुपये होतो. विम्याचे ९,०००, देखभाल व दुरुस्तीचे १५,००० आणि टायरांसाठी दरवर्षी बाजूला ठेवायचे ४,००० रुपये मिळवले, की एकूण खर्च १,२४,००० रुपयांवर जातो. केवळ पेट्रोलचा विचार केला, तर किलोमीटरला सुमारे ६ रुपये ६७ पैसे पडतात. सर्व खर्च धरला, तर तोच आकडा सुमारे १३ रुपये ७८ पैसे होतो, म्हणजे दुपटीहून अधिक. क्वचितच प्रवास करणाऱ्या कुटुंबाला भाड्याची गाडी स्वस्त पडते, ती याच कारणाने. गाडी दारात उभी असली तरी घसारा आणि विमा थांबत नाहीत.

कर्ज घेतल्यास व्याजाचीही भर पडते. येथे दराचा आकडा ऐकून फसगत होण्याचा संभव असतो. ४,००,००० रुपये चार वर्षांसाठी ‘सरळ १० टक्के’ दराने घेतले, तर संपूर्ण रकमेवर चारही वर्षे व्याज आकारले जाते. ते १,६०,००० रुपये होते आणि मासिक हप्ता सुमारे ११,६६७ रुपये येतो. तेच कर्ज ‘घटत्या शिलकीवर १० टक्के’ दराने मिळाले, तर हप्ता सुमारे १०,१४५ रुपये आणि एकूण व्याज सुमारे ८७,००० रुपये होते. आकडा दोन्हीकडे दहाच. पण पहिल्या कर्जाचा खरा दर साडेसतरा टक्क्यांहून अधिक आहे. म्हणून व्याज कोणत्या पद्धतीने आकारले जाईल, हे सही करण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.

पारख

बैलबाजारात जाणकार शेतकरी बैलाच्या रंगावर भुलत नाही. तो बैलाचे दात पाहतो, त्याला चालवून पाहतो, खांद्यावर हात फिरवतो. वापरलेली मोटार घेतानाही अशीच पारख लागते.

गाडी किती धावली, हे दर्शवणारा आकडा बदलता येतो. त्यामुळे केवळ त्यावर विसंबू नये. ब्रेकच्या पायपट्टीवरील रबर झिजून गुळगुळीत झाले आहे, चालकाचे आसन खचले आहे, सुकाणूचक्राची कड चकाकू लागली आहे आणि आकडा मात्र २५,००० किलोमीटरच दाखवतो, असे असल्यास संशय घ्यावा. सेवाकेंद्रातील जुन्या पावत्यांवर त्या त्या वेळचा आकडा लिहिलेला असतो. त्या मागून ताडून पाहाव्यात. टायरच्या कडेवर चार अंक छापलेले असतात. त्यांपैकी पहिले दोन अंक आठवडा आणि पुढचे दोन अंक वर्ष दर्शवतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी शिल्लक असली तरी फार जुने रबर कडक होते, त्याला चिरा पडतात.

इंजिन थंड असतानाच सुरू करण्यास सांगावे. ते आधीच तापवून ठेवलेले असल्यास काही दोष झाकले जातात. निकासनळीतून सतत निळसर धूर येणे म्हणजे इंजिनचे तेल जळत असल्याची खूण. काळा धूर इंधन नीट जळत नसल्याचे सुचवतो. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, तर थंडाव्याचे पाणी आत झिरपत असण्याची शक्यता असते. तेल भरण्याच्या झाकणाखाली दुधाळ साका दिसला, तरी हीच शंका घ्यावी.

पुरात बुडालेल्या गाड्यांबाबत विशेष सावध राहावे लागते. मुंबईतील २६ जुलै २००५ चा पूर, चेन्नईतील २०१५ चा आणि केरळमधील २०१८ चा पूर यांत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. अशी गाडी धुऊनपुसून दूरच्या शहरात विकली जाऊ शकते. तिच्या विजेच्या तारा आणि जोडण्या आतून गंजत राहतात व महिन्या-दोन महिन्यांनी बिघाड सुरू होतात. पायाखालचा गालिचा उचलून पाहावा. आसनांखालच्या लोखंडी पट्ट्यांवरील गंज, कोपऱ्यांतील वाळलेला गाळ, दिव्यांच्या काचेआड साचलेली वाफ आणि कुबट वास या खुणा सहसा पूर्णपणे लपवता येत नाहीत.

शेवटी ओळखीच्या मेकॅनिकला सोबत नेऊन गाडी स्वतः चालवून पाहावी. त्याची मजुरी चुकवण्यासाठी पारख टाळणे म्हणजे चार पैसे वाचवून हजारो गमावणे होय.

कागदोपत्री मालक

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार सर्वसाधारणपणे ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी आहे, तो मालक होय. ही व्याख्या साधी वाटते. पण तिचे परिणाम गंभीर आहेत. २००९ साली घडलेल्या एका अपघातातील गाडी त्यापूर्वी एका हातातून दुसऱ्या व दुसऱ्यातून तिसऱ्या हातात गेली होती. अपघातात एका व्यक्तीचा मृत्यू झाला. नोंदणी मात्र अजून पहिल्याच मालकाच्या नावावर होती. नुकसानभरपाई कोणी द्यायची, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला, की ज्याच्या नावावर नोंदणी आहे, त्याच्यावरच ही जबाबदारी येते. अपघातग्रस्तांनी किंवा त्यांच्या वारसांनी गाडी कोणी कोणाला विकली याचा माग काढत हिंडावे, अशी अपेक्षा करता येणार नाही, ही त्यामागील भूमिका होती. गाडी वर्षापूर्वीच विकली आणि पैसेही मिळाले, असे सांगून नोंदणीकृत मालकाची सुटका होत नाही.

म्हणूनच हस्तांतराचे काम विकणाऱ्याच्याही हिताचे आहे. कायद्याने त्यासाठी मुदती घालून दिल्या आहेत. गाडी त्याच राज्यात विकल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत, तर परराज्यात विकल्यास ४५ दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. घेणाऱ्याने ३० दिवसांत आपले नाव लावण्यासाठी अर्ज करायचा असतो. विक्रीच्या सूचनेसाठी नमुना २९ आणि हस्तांतराच्या अर्जासाठी नमुना ३० वापरतात. कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून ते दलालाच्या हवाली करण्याची पद्धत सर्रास आढळते. ती धोक्याची आहे; कारण तो कागद पुढे कधी भरला जाईल, भरला तरी जाईल काय, हे सही करणाऱ्याला ठाऊक नसते.

खरेदीदाराने विसार देण्यापूर्वी पुढील गोष्टी तपासाव्यात. नोंदणी प्रमाणपत्रावरील चासी क्रमांक व इंजिन क्रमांक प्रत्यक्ष गाडीवरील क्रमांकांशी जुळले पाहिजेत. प्रमाणपत्रावर बँकेच्या कर्जाचा बोजा नोंदवलेला असल्यास बँकेचे ना हरकत पत्र आणि बोजा उतरवण्यासाठीचा नमुना ३५ मिळाला पाहिजे. दंडाची जुनी चलने थकलेली नाहीत ना, हे पाहावे. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते आणि पुढे तपासणीनंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होते. त्यामुळे मुदत किती उरली आहे, यावरही किंमत अवलंबून असते. दिल्ली परिसरात जुन्या गाड्यांच्या वापरावर न्यायालयीन आदेशांनी निर्बंध आले आणि त्यांत वेळोवेळी बदलही झाले. तिथली जुनी गाडी स्वस्त मिळते म्हणून घेण्यापूर्वी त्या वेळचा नियम जाणून घेणे शहाणपणाचे ठरते.

नोकरीनिमित्त राज्य बदलणाऱ्यांसाठी आणखी एक नियम आहे. पुण्याची ‘एमएच १२’ क्रमांकाची गाडी घेऊन एखादे कुटुंब इंदूरला स्थायिक झाले आणि गाडी तेथे बारा महिन्यांहून अधिक काळ राहिली, तर तिला नव्या राज्याचा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते आणि नव्या राज्याचा करही भरावा लागतो. आधीच भरलेल्या कराचा उरलेल्या वर्षांचा परतावा मूळ राज्याकडे मागता येतो. मात्र तो आपणहून मागावा लागतो. सरकारी कर्मचारी, तसेच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी संस्थांतील कर्मचारी यांच्यासाठी सप्टेंबर २०२१ पासून ‘बीएच’ मालिकेचा क्रमांक उपलब्ध आहे. तो घेतल्यास राज्य बदलताना नवी नोंदणी करावी लागत नाही.

विमा

विम्याचे मुख्य भाग दोन. पहिला त्रयस्थ व्यक्तीसाठीचा. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचा मृत्यू झाला, त्याला इजा झाली किंवा त्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले, तर त्याची भरपाई या विम्यातून होते. तो कायद्याने सक्तीचा आहे. दुसरा आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. तो ऐच्छिक आहे. पहिल्या भागाकडे ‘पोलिसांना दाखवण्याचा कागद’ म्हणून पाहिले जाते. वस्तुतः रस्त्याने पायी जाणाऱ्या अनोळखी माणसाच्या कुटुंबाचा तो आधार असतो. तो नसेल, तर भरपाईची रक्कम मालकाच्या घरादारावर येऊ शकते.

जुनी गाडी घेताना त्रयस्थ विम्याचे संरक्षण हस्तांतराबरोबर पुढे चालते, असे कायदा मानतो; तरी घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा कंपनीकडे नावबदलाचा अर्ज करावा लागतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण मात्र आपोआप नव्या मालकाकडे येत नाही. नोंदणी नव्या नावावर आणि विमा जुन्या नावावर, अशा स्थितीत गाडीचे नुकसान झाल्यास दावा नाकारला जाऊ शकतो. भरपाई न मागितल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत गाडीची नसून व्यक्तीची असते. ती विकणाऱ्याकडेच राहते. दावा मंजूर करताना रबर व प्लॅस्टिकच्या भागांवर साधारणतः निम्मा घसारा वजा होतो, हेही आधीच माहीत असलेले बरे.

निगा

मोटारीचे मोठे बिघाड बहुधा छोट्या दुर्लक्षातून होतात. इंजिनमधील तेल धातूच्या फिरत्या भागांमध्ये पातळ थर धरून ठेवते. ते कमी झाले किंवा जुने होऊन काळवंडले, की धातूवर धातू घासू लागतो. तेल बदलण्याचा खर्च हजारांत असतो, तर इंजिन उघडण्याचा खर्च त्याच्या कित्येक पट. गाडी सपाट जागी, इंजिन बंद असताना उभी करून तेलाची पट्टी बाहेर काढावी, पुसून पुन्हा बुडवावी आणि पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे ना, हे पाहावे. या कामाला दोन मिनिटे पुरतात.

टायरमधील हवा कमी असल्यास इंधन अधिक लागते, कडा झिजतात आणि वेगात टायर तापून फुटण्याचा धोका वाढतो. योग्य दाब चालकाच्या दाराजवळच्या चौकटीवर लिहिलेला असतो आणि तो टायर थंड असताना मोजायचा असतो. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली, तर ओल्या रस्त्यावर गाडी घसरते. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. म्हणून ते कमी झाले नसले तरी ठरावीक काळाने बदलावे लागते. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असल्याने गाडी लिटरमागे काहीसे कमी अंतर जाते. जुन्या गाडीच्या इंधनाच्या रबरी नळ्या अधूनमधून तपासून घेणेही आवश्यक ठरते.

गाडी लिटरला किती जाते, हे अंदाजाने न सांगता मोजावे. टाकी पूर्ण भरून आकडा लिहून ठेवावा. काही दिवसांनी टाकी पुन्हा पूर्ण भरावी. मधल्या काळात ५४० किलोमीटर झाले आणि दुसऱ्या वेळी ३६ लिटर पेट्रोल बसले, तर सरासरी १५ आली. हा आकडा अचानक घसरला, तर तो बिघाडाची पूर्वसूचना देतो.

बिघाड आणि दुरुस्ती

काही प्रसंगी काय करावे यापेक्षा काय करू नये, हे अधिक महत्त्वाचे असते. तापमानाचा काटा लाल खुणेकडे गेला, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे; परंतु रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असल्याने शंभर अंशांपेक्षाही अधिक तापलेले असते आणि झाकण निघताच ते उसळून चेहरा व हात भाजतात. इंजिन पूर्ण निवेपर्यंत थांबावे.

साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली, तर ती पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. सिलिंडरमध्ये दट्ट्या हवेला दाबतो. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. आत पाणी शिरलेले असताना किल्ली फिरवली, तर दट्ट्याला जोडलेला दांडा वाकतो आणि इंजिन निकामी होते. अशा नुकसानीला ‘मालकाची कृती’ मानून सर्वसाधारण विम्यात भरपाई नाकारली जाऊ शकते. इंजिनच्या संरक्षणासाठी वेगळे जोडकलम घ्यावे लागते.

दुरुस्ती अधिकृत सेवाकेंद्रात करावी की नेहमीच्या गॅरेजात, हा प्रश्न अनेकांना पडतो. हमीच्या काळात अधिकृत केंद्र सोयीचे. त्यानंतर अनुभवी मेकॅनिकचे गॅरेज स्वस्त पडते. मात्र स्वतंत्र गॅरेजांना अस्सल सुटे भाग आणि दोष शोधणारी उपकरणे मिळणे सोपे नव्हते. याच कारणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना दंड ठोठावला. पुढे हा वाद अपिलात गेला. गाडी कोठेही द्यावी, पण कामाची यादी आणि अंदाजे खर्च लेखी घ्यावा, ठरल्यापेक्षा जास्त काम निघाल्यास आधी विचारण्यास सांगावे, बदललेले जुने भाग परत मागावेत आणि पक्की पावती घ्यावी. सेवेत उणीव राहिल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ आहे. पावती नसेल, तर तक्रार सिद्ध करणे कठीण जाते.

मोटारगाडीमुळे आयुष्य सुकर होते, यात शंका नाही. मध्यरात्री आजारी माणसाला रुग्णालयात नेता येते, वृद्ध आईवडिलांना गावची जत्रा दाखवता येते, छोट्या व्यावसायिकाला माल वेळेवर पोचवता येतो. परंतु हेच यंत्र निष्काळजी हातात पडले, तर मालकाची पुंजी खाते आणि रस्त्यावरील दुसऱ्याचा जीवही घेते. त्यासाठी फार मोठ्या तांत्रिक ज्ञानाची गरज नाही. सर्व कागद एकत्र ठेवणारी एक फाईल, प्रत्येक खर्चाची व किलोमीटरच्या आकड्याची नोंद करणारी एक वही आणि आठवड्यातून दहा मिनिटांची पाहणी, एवढे सांभाळले तरी बहुतेक अडचणी टळतात. गाडी विकण्याची वेळ येते तेव्हा हीच फाईल आणि हीच वही नव्या खरेदीदाराला सर्वांत जास्त खात्री देते.

स्वाध्याय

१. केवळ इंधनावरून मोटारीचा खर्च ठरवणे का चुकीचे आहे? पाठातील उदाहरणाच्या आधारे लिहा.

२. गाडी विकल्यानंतरही विकणाऱ्यावर कोणती जबाबदारी राहू शकते? ती टाळण्यासाठी त्याने काय करावे?

३. कारणे द्या: (अ) पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करू नये. (आ) तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये.

४. आपल्या परिसरातील एखाद्या मेकॅनिकला भेटून वाहनांच्या बिघाडांची नेहमीची कारणे विचारा व ती आठ-दहा ओळींत लिहा.